एकोणीस नंबरची जागा

आमच्या कॅरव्हॅन पार्कचा नियम असा आहे: बावीस डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत जागेवर कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, उभी राहिली पाहिजे, आणि जागा ज्याच्या नावावर असेल त्याने स्वतः ऑफिसात येऊन सही केली पाहिजे. उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला जाते. यादी बारा वर्षांची आहे. त्या यादीत नाव घालून काही माणसं जागा न मिळताच मेलीसुद्धा.

नदीच्या मुखाजवळची एकोणीस नंबरची जागा छत्तीस नाताळ आमच्याकडे होती. माझा नवरा व्हिन गेला तेव्हा ती माझ्या नावावर झाली, नोरीन गिलूली म्हणून. डेक्लन, माझा मुलगा, त्याच जागेवर टेबलाचा पाय धरून उभं राहायला शिकला. आता तो सदतीस वर्षांचा आहे. मेलबर्नला राहतो, रविवारी दहा मिनिटं फोन करतो, आणि त्यातली चार मिनिटं हवेविषयी बोलतो. पण नाताळचे दोन आठवडे तो नऊ वर्षांच्या ब्रायडीला घेऊन एकोणीस नंबरला यायचा. बायको टॅमसिन रजा मिळेल तशी मागून यायची. माझी नात मला मिळायची ती या दोन आठवड्यांत. जागा गेली तर तेही गेलं, हे मला स्वच्छ ठाऊक होतं.

व्हिन होता तोवर कॅरव्हॅन तोच ओढायचा; तो गेल्यानंतरच्या या पहिल्या नाताळला ते काम डेक्लनकडे आलं. आमच्यात पद्धत अशी की नवरा गाडी चालवतो आणि जागेवर लावताना बायको मागे उभी राहून हातवारे करते. पार्कातले बाकीचे लोक आपापल्या खुर्च्या बाहेर काढतात, बिअर उघडतात आणि नव्या येणाऱ्यांची गंमत बघतात. शेजारच्या वीस नंबरची डलसी, मर्व्हची बायको, म्हणायची, "लग्न किती टिकणार ते चर्चमध्ये नाही कळत, कॅरव्हॅन मागे घेताना कळतं." मी छत्तीस वर्षं हातवारे केले. स्टिअरिंगवर कधी बसले नाही, पण व्हिनच्या तोंडून ऐकून ऐकून मला सगळं पाठ होतं. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: जड सामान पुढे, नाकाशी. मागे फक्त उशा आणि टॉवेल.

एकवीस तारखेला दुपारी डेक्लन वॉरागलला माझ्या घरी आला. गाडी नवीकोरी होती, उंच, काळी. त्याने कॅरव्हॅनचा दांडा गाडीमागच्या गोळ्यावर बसवला, साखळ्या लावल्या आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. गाडीचं मागचं अंग दबलं होतं.

"आई, हे बघ. माझ्या गाडीचं बूड जमिनीला टेकलंय."

"थोडं दबतंच रे."

"थोडं? कोंबडी अंड्यावर बसल्यासारखी दिसतेय."

त्याने कॅरव्हॅनचा पुढचा कप्पा उघडला. त्यात व्हिनची लोखंडी हत्यारपेटी होती, जॅक होता, लाकडाचे ठोकळे होते. "बाबानं काय काय साठवलंय! भंगारवाल्याचं दुकान." पेटी त्याने माझ्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. तंबूचं जाड कापड आणि त्याचे खांब मागच्या पलंगाखाली ढकलले, पाण्याचे दोन भरलेले कॅनही तिथेच. दोन सायकली कॅरव्हॅनच्या मागच्या बंपरवर बांधल्या. गाडीचं बूड वर आलं. गाडी आणि कॅरव्हॅन एका रेषेत, सुतासारखी सरळ उभी राहिली. डेक्लननं खूश होऊन फोटो काढला.

नवखा माणूस हीच चूक करतो. बाहेरून पाहिलं की सगळं समतोल दिसतं, म्हणून त्याला वाटतं की आपण नीट केलं. नाकावरचं ओझं गेलं की कॅरव्हॅनची शेपटी मोकळी होते, आणि वेगात ती कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागते. व्हिननं असं झालेलं रस्त्याच्या कडेला पाहिलं होतं आणि मला दाखवलंही होतं.

मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. उत्तर कधी सांगायचं नाही, मुलाकडून काढून घ्यायचं, ही माझी रीत. त्या रीतीसाठी माझं नाव होतं. अजूनही बाजारात केस पिकलेले माझे विद्यार्थी थांबवून सांगतात की बाई, तुम्ही उत्तर देत नव्हतात म्हणून आम्ही शिकलो.

म्हणून मी डेक्लनला विचारलं, "जड सामान कुठे असावं, तुला काय वाटतं?"

तो सायकलींची दोरी आवळत होता. "आई, मी तिसरीत नाहीये. काही सांगायचं असेल तर सांग."

"सांगण्यासारखं नाही, विचार करण्यासारखं आहे."

"मग विचार नंतर करतो. आधी हे टोक धर."

मी टोक धरलं. ब्रायडी पायरीवर बसून ऐकत होती, आणि तिच्या देखत त्यानं मला उडवून लावलं याचा मला राग आला. राग आला की मी गप्प होते. लोक त्याला माझा धीर म्हणतात. तेव्हा मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. सपाट रस्त्यावर एकदा हलकासा हेलकावा बसेल, हा घाबरून थांबेल, आणि मला विचारेल. मग मी सांगेन.

चहाच्या वेळी ब्रायडीला मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घेतलं. एक खेळण्यातली मोटार, एक पुठ्ठ्याचं खोकं, खोक्याला मधोमध दोन चाकं, आणि दोन्ही जोडायला टाचणी. ट्रेचं एक टोक पुस्तकांवर टेकवून उतार केला. खोक्यात पुढे बॅटरीचे सेल ठेवले आणि मोटार सोडली. मोटार आणि खोकं सरळ खाली गेलं.

"आता सेल मागे ठेव," मी म्हटलं.

तिनं ठेवले. खोकं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि मोटारीला घेऊन टेबलावरून खाली पडलं.

"परत!" ब्रायडी म्हणाली. तिनं सात वेळा केलं. कधी एक सेल, कधी दोन, कधी उतार कमी. प्रत्येक वेळी आधी सांगायची काय होईल, आणि मग बघायची. अशी मुलं वर्गात वर्षाला एखादीच मिळतात. मग तिनं एकदम डोकं वर केलं.

"आजी, बाबानं तर सगळं मागे ठेवलंय!"

"हो का?"

"त्याला सांगू?"

"नको. बघू या त्याला स्वतःहून कळतं का." आणि मी तिला डोळा मारला.

ती हसली. आमच्या दोघींचं गुपित झालं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला निघालो. मी मागे ब्रायडीशेजारी बसले. सेल नावाच्या गावापर्यंत रस्ता छान होता. तिथं बेकरीत आम्ही सॉसेज रोल खाल्ले, डेक्लननं दोन खाल्ले, आणि त्याचा जीव खुलला. "बाबा उगाच बाऊ करायचा," तो म्हणाला. "साठच्या पुढे जायचा नाही. मागे अख्खं गिप्सलँड खोळंबायचं. त्याला वाटायचं लोक आदरानं मागे चालतायत."

मलाही हसू आलं. तसंच होतं ते.

स्ट्रॅटफर्ड ओलांडल्यावर पहिला हेलकावा बसला. अगदी बारीक. पाण्यात होडी डुलावी तसा दोनदा, आणि थांबला.

"वारा आहे," डेक्लन म्हणाला.

बाहेर गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं. ब्रायडीनं माझ्याकडे पाहिलं, तिचे ओठ उघडले. मी तिचा हात दाबला. तिनं तोंड मिटलं. मी वाट पाहत होते. आता हा विचारेल, आता विचारेल. त्यानं रेडिओ मोठा केला.

लेक्स एंट्रन्स सोडल्यावर रस्ता डोंगरात शिरतो. तिथला एक लांब उतार आहे, दोन्हीकडे निलगिरीची झाडं. डेक्लनचा वेग वाढला होता, कारण दोन वाजत आले होते आणि पाचची गोष्ट त्याच्याही डोक्यात होती. लाकडाचे ओंडके भरलेला एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. अशा ट्रकची हवा आधी ढकलते आणि मग ओढून घेते. मागे कोणीतरी धक्का दिल्यासारखं झालं. कॅरव्हॅन डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त.

"ब्रेक नको!" मी ओरडले. व्हिननं सांगितलेलं होतं, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, कॅरव्हॅनचा वेगळा ब्रेक हातानं द्यायचा. ते मी त्या क्षणी सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी सरळ उत्तर दिलं असेल. पण तोवर त्यानं ब्रेक दाबला होता.

कॅरव्हॅन आडवी झाली, तिनं गाडी फिरवली, आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून खडीत थांबलो. कॅरव्हॅन चरात कुशीवर पडली होती. तिची एक भिंत उघडून आतले टॉवेल आणि उशा रस्त्यावर आल्या होत्या. सायकलीचं एक चाक फिरत होतं.

डेक्लनला काही झालं नव्हतं. मलाही नाही. ब्रायडीचं सीटबेल्टच्या पट्ट्याखालचं, मानेजवळचं हाड मोडलं होतं. ती रडत नव्हती, नुसती पांढरी पडली होती. दातानं ओठ फाटला होता, त्यातून रक्त येत होतं. आम्ही तिला झाडाखाली आणून बसवलं. मागून येणाऱ्या एका बाईनं गाडी थांबवून अँब्युलन्सला फोन केला आणि छत्री धरून उभी राहिली.

डेक्लन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. "सॉरी बाळा. सॉरी. ट्रक होता. मला काही कळलंच नाही कसं झालं."

"मला माहितीये," ब्रायडी हळू म्हणाली. फाटक्या ओठानं तिला नीट बोलता येत नव्हतं. "जड मागे होतं. जड मागे ठेवलं की शेपटी हलते. काल आजीनं दाखवलं. आम्ही सात वेळा केलं."

डेक्लननं माझ्याकडे पाहिलं.

"काल?"

"ट्रेवर," ब्रायडी म्हणाली. तिला वाटत होतं ती त्याला मदत करतेय. "मी म्हटलं बाबाला सांगू. आजी म्हणाली नको, बघू या त्याला कळतं का."

छत्रीवाली बाई दुसरीकडे बघायला लागली.

"आई," डेक्लन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुला ठाऊक होतं."

"मी तुला विचारलं होतं, डेक्लन."

"विचारलं होतंस. सांगितलं नव्हतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"आता कसं कळणार?"

मी रुमालानं ब्रायडीच्या ओठावरचं रक्त टिपलं.

एवढ्यात माझा फोन वाजला. डलसी होती. "कुठं आहेस गं? सगळे खुर्च्या काढून बसलेत. डेक्लनवर पैज लागलीये, तो किती फेऱ्यांत लावतो." मी तिला सांगितलं. ती लगेच कामाला लागली. बाई तशीच आहे. "ऐक. नियम कॅरव्हॅन हवी असा आहे, तुझीच हवी असा नाही. आमची जुनी मागच्या कुंपणाशी पडलीये. बुरशी आलीये, पण चाकं फिरतात. मर्व्ह येतोय तुला न्यायला, निघालासुद्धा. सही तेवढी तुझी लागेल. पाचच्या आत."

अँब्युलन्स आली. त्यातल्या पोरानं ब्रायडीचा हात गळ्यात बांधला आणि म्हणाला की सोबत एकच मोठं माणूस येऊ शकेल. डेक्लन चढला. पोलीस आली होती, विशीतली एक मुलगी. ती मला म्हणाली, "आजी, तुम्ही माझ्या गाडीत चला. मी अँब्युलन्सच्या मागोमागच दवाखान्यात निघालेय."

आणि त्याच वेळी मर्व्हची गाडी येऊन थांबली. साडेतीन वाजायला आले होते. पार्क पुढे पाऊण तासावर, दवाखाना मागे तेवढाच लांब.

"आजी, तू येतेस ना?" ब्रायडीनं आतून विचारलं.

मी हिशेब केला. हाड मोडलंय, पण जिवाला धोका नाही. बाप सोबत आहे. आई पोचेलच. मी तिथे बाकावर बसून काय करणार? आणि जागा गेली तर ती परत मिळणार नाही, बारा वर्षांत मी असेनच कुठे? जागा मी कोणासाठी राखतेय? हिच्यासाठीच ना.

"येते गं," मी म्हटलं. "आधी जागेचं काम उरकते आणि येतेच."

डेक्लननं आतून माझ्याकडे पाहिलं. त्याला राग आला असता तर बरं वाटलं असतं.

"जा आई," तो म्हणाला. "पाच वाजतील."

मर्व्ह चांगला माणूस आहे. वाटेत तो एवढंच म्हणाला, "तापतंय फार." चाळीस मिनिटं हातात ठेवून आम्ही पोचलो. ऑफिसातल्या मुलीनं वही पुढे केली. मी सही केली. "गिलूली कुटुंबाशिवाय एकोणीस नंबर म्हणजे कसंतरीच वाटलं असतं," ती म्हणाली.

मर्व्हनं बुरशी आलेली कॅरव्हॅन एकाच फेरीत मागे घेतली. मागे उभी राहून हातवारे मीच केले. खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी त्याच्या हातात बिअर दिली, मग दुसरी दिली, आणि गाडी चालवायच्या स्थितीतला माणूस आमच्या रांगेत उरला नाही. डलसी म्हणाली, "सकाळी आम्ही नेतो तुला. पोरगी झोपली असेल आता." मी आग्रह धरला नाही. मी दमले होते, आणि डेक्लनसमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. दोन्ही खरं आहे.

सकाळी दवाखान्यात पोचले तर पलंगावर नवी चादर होती. रात्रीच टॅमसिन आली आणि तिघं मेलबर्नला गेली, असं नर्सनं सांगितलं. "तुमची नात फार गोड आहे हो," ती म्हणाली. "सगळ्यांना ट्रेचा प्रयोग सांगत होती."

नाताळ मी बुरशीच्या वासात काढला. डलसीनं कोळंबी आणून दिली, मर्व्हनं पुडिंग. फोन केला की टॅमसिन उचलायची आणि नीट बोलायची, ब्रायडी झोपलीये, ब्रायडी अंघोळ करतेय. जानेवारीत डेक्लनचा फोन आला, विम्याच्या कामाचा.

"सामान कोणी भरलं असं विचारत होते. मी भरलं म्हणून सांगितलं."

"मी तुला सांगायला हवं होतं," मी म्हटलं. दोन आठवडे हे वाक्य मी तोंडात घोळवत होते.

"हो," तो म्हणाला. आणि मग हवेविषयी बोलला.

वर्षभर रविवारचे फोन येत राहिले. पहिल्यासारखेच दहा मिनिटं. मर्व्हची ती कॅरव्हॅन मी विकत घेतली. आतून धुतली, रंगवली, ब्रायडीच्या पलंगाला नवी गादी शिवून घेतली. आता ती पार्काच्या मागेच उभी असते, कोणाला ओढत आणायला लागत नाही. पुन्हा डिसेंबर आला. मी बसनं गेले. बावीस तारखेला दुपारी मर्व्हनं कॅरव्हॅन जागेवर लावून दिली, आणि मी डेक्लनला फोन केला.

"मी पोचले. तुम्ही कधी येताय?"

"आमचं नाही जमणार, आई."

"बरं. मग ब्रायडीला तरी पाठव. बसस्टॉपवर मी घ्यायला येईन. आता तर आणायचं, ओढायचं काहीच नाही."

"मी तिला विचारलं," तो म्हणाला. "नको म्हणाली."

"का?"

मला वाटलं, नाही सांगणार. पण त्यानं सांगितलं. सांगायची असते ती गोष्ट तो सरळ सांगतो. हे तो माझ्याकडून शिकलेला नाही.

"ती म्हणते, आजीला सगळं माहीत असतं आणि आजी सांगत नाही. तिला भीती वाटते, आई. तुझ्याबरोबर असलं की काय होणार आहे ते तिला कळत नाही, असं म्हणते."

"मी बोलते तिच्याशी. दे फोन."

"नको," तो म्हणाला. "आज नको."

फोन ठेवला तेव्हा चार वाजून गेले होते. बाहेर खुर्च्या निघाल्या होत्या. एक नवं जोडपं कॅरव्हॅन आडवी घालून एकमेकांवर ओरडत होतं आणि लोक हसत होते. मी चप्पल घातली, ऑफिसात गेले आणि सही केली. त्या मुलीनं विचारलं, यंदा किती जण, म्हणजे तेवढे गेटचे पास देते. मी म्हटलं, एक.